विनाकारण थांबणारी बस

ता. ३ फेब्रुवारी

लाडक्या ठिणगीस,

आत्याचा पोटभर आशीर्वाद. तुझी खुशाली विचारायला हवी, पण ती मला तुझ्या आवाजातच कळते. गेल्या फोनमध्ये तो आवाज धुऊन धुऊन विरलेल्या कापडासारखा वाटला. ऑफिसात फार राबवतात का? जेवणाच्या वेळेला जेव. एका हाताने चमचा आणि दुसऱ्या हाताने कीबोर्ड असलं काही करू नकोस, त्याने जेवणही अंगी लागत नाही आणि कामही.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघा जिना पाहिला की कुरकुरतो. वरच्या मजल्यावरच्या घड्याळजींनी नवे दात बसवून घेतले, आता हसताना तोंडावर हात धरतात, का ते कळत नाही, पैसे तर दाखवण्यासाठीच मोजले असतील. घरातले सगळे बरे आहेत, म्हणजे मी बरी आहे.

आता मुद्द्यावर येते. माझं डोकं गेले दोन दिवस तव्यासारखं तापलंय, आणि तू त्या खेळाच्या कंपनीत काम करतेस म्हणून तुझ्यावरच ओतते.

मी तुमच्या त्या कॉम्प्युटरवरच्या खेळात एक नकाशा बनवून ठेवला होता, तो तुला माहीत नसेल. तू घर सोडताना तुझा जुना, मांडीवर ठेवायचा कॉम्प्युटर मला दिलास आणि विटेवर वीट ठेवून भिंत कशी उभी करायची ते दाखवलंस. तेवढ्यावर मी पुढचं शिकले. बघत गेले, चुकत गेले, उसवत गेले, पुन्हा शिवत गेले. डेपोत बसच्या सीटा शिवण्यात माझी उमर गेली, उसवायची मला लाज नाही. तर मी आपला जुना रूट बनवला. डेपोतून बस निघते, लाकडाची वखार, दवाखाना, पूल, शाळा असं करत पाण्याच्या टाकीपाशी पोचते आणि परत फिरते. खेळणाऱ्याने बस चालवायची. बस. बंदुका नाहीत, राक्षस नाहीत, शर्यत नाही.

परवा तुमच्याकडून चिठ्ठी आली. "आपला नकाशा अल्पप्रिय ठरला असून महिनाअखेर काढून टाकण्यात येईल."

अल्पप्रिय. हा शब्द मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. सरळ "आवडला नाही" म्हणायची ज्याला हिंमत होत नाही तो माणूस असा शब्द शोधतो. मी चिडले ती नकाशासाठी, पण अर्धी त्या शब्दासाठी. खाली कुणाची सही नाही, फोन नंबर नाही, उलट उत्तर पाठवलं तर "या पत्त्यावर उत्तरे वाचली जात नाहीत". मग पत्ता ठेवता कशाला?

लोकांनी लिहिलेले शेरे मी वाचले आहेत. एक म्हणतो, कंटाळवाणा. एक म्हणतो, यात जिंकायचं काय? आणि बऱ्याच जणांची तक्रार एकच, बस मध्येच एका जागी विनाकारण थांबते. घड्याळजींनाही मी खेळायला बसवलं होतं. त्यांनी पुलावरून बस थेट नदीत घातली आणि ब्रेक बरोबर नाही म्हणाले.

तर मला कबूल आहे, गिऱ्हाईक नाही. एकच आहे. एक ओळखीचे म्हातारबुवा आहेत, ते रोज संध्याकाळी न चुकता एक फेरी मारतात. त्यांच्यापुरता तरी तो राहू दे. बसमध्ये मागच्या चाकावरची सीट असायची, आठवते का? आदळते म्हणून कुणी बसायचं नाही, तिचं कापड कायम कोरं. म्हणून ती कुणी उपटून फेकली नाही. ज्याला बसायचं तो बसायचा.

तू तुमच्या साहेबांच्या कानावर घाल. आणि वेळ मिळाला तर एकदा नकाशा उघडून बघ.

तुझी अल्पप्रिय,
आत्या


ता. ११ फेब्रुवारी

लाडक्या ठिणगीस,

आशीर्वाद आहेतच, ते काही दर पत्राला नव्याने भरावे लागत नाहीत.

तुझं लांबलचक उत्तर मिळालं. ते वाचताना मला वाटत होतं की तू मला नाही, एखाद्या सभेला लिहिते आहेस. तरी दोनदा वाचलं, कारण काही ठिकाणी तुझं बरोबर आहे आणि ते मान्य करताना मला जरा जड गेलं.

तू म्हणतेस, लोक एक भिंत उभी करतात, कंटाळतात आणि नकाशा म्हणून टाकून देतात. दुसरे लोक तिसऱ्याचाच नकाशा उचलून आपलं नाव लावतात. नवीन माणूस खेळायला आला की त्याला हा सगळा कचराच आधी लागतो, आणि तो खेळ बंद करून जातो. मग ज्याने मन लावून केलंय त्याच्याही दारात कुणी जात नाही. हे मला पटलं. दुकानात शिरल्या शिरल्या फाटक्या पोत्यांचा ढीग दिसला तर मीही मागे फिरेन.

पण म्हणून दुकान पेटवून द्यायचं का गं?

काचेच्या कपाटात चांगला माल मांडा, कोण नाही म्हणतंय? माझी बस तिथे नकोच, तिची ती जागा नाही. पण मागे एखादं फडताळ ठेवा. नावाने शोधत येईल त्यालाच सापडेल, बाकी कुणाच्या पायात येणार नाही. चोरीचं आणि घाणेरडं असेल ते खुशाल फेका. उरलं ते फेकण्याआधी बनवणाऱ्याला विचारा, बाई, हे तुम्हाला हवंय का? नको असेल तर तोच म्हणेल टाका. निम्मी लोकं तर विसरूनही गेली असतील.

आणि तुम्ही मोजता काय, तर किती आले. परत कोण आलं हे कुणी मोजतं का? हजारजण दारातून डोकावून गेले आणि एकजण रोज येऊन बसला, यात घर कुणाचं? तू म्हणतेस, यंत्र मतांकडे बघतं, आणि माझ्या नकाशाला रोज खाली वळलेले अंगठे इतके पडत आलेत की तुझेही हात बांधलेले आहेत. हे मात्र मला उमजत नाही. आवडला नाही तो एकदा खाली दाबून निघून जाईल. रोज रोज येऊन नावडीचा अंगठा कोण देतंय? मी कुणाचं काय घोडं मारलंय?

तू सुचवलेल्या सुधारणा केल्या. रस्त्यात सोन्याची नाणी टाकली. म्हातारबुवा भडकले. म्हणाले, "रस्त्यात पैसे पडलेत म्हणून ड्रायव्हर गाडी वळवत नाही. काढ ते." काढली. मग वेळ लावून बघितली, अमक्या मिनिटांत टाकीपाशी पोचा. त्यावर त्यांनी स्क्रीन पालथी घातली आणि म्हणाले की नोकरीभर हेच ऐकलं, आता नको. तीही काढली. माणूस हट्टी आहे. एका डाव्या हाताने सगळं करावं लागतं, त्यामुळे वळणावर बस जरा कडेला जाते, पण पुलावर अजून एकदाही नदीत गेलेली नाही.

तू आणखी एक सुचवलंस, की ती विनाकारण थांबण्याची जागा निदान काढून टाक. तेवढं मी करणार नाही. ते कारण विचारू नकोस.

पत्र आता आवरतं घेते, त्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली. म्हणजे ते शेजारीच राहतात, मी जरा मदतीला जाते, एवढंच.

तू तुझ्या पत्रात बाबांची चौकशी केली नाहीस. मीही काही लिहीत नाही. फिट्टंफाट. मात्र तू घर सोडलंस तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दादा म्हणाला की दुसऱ्यांच्या पोरांना स्क्रीनला चिकटवायचा हा कसला धंदा, आणि तू म्हणालीस की आयुष्यभर एकाच रस्त्यावर गोल गोल फिरलेल्या माणसाने मला रस्ते शिकवू नयेत. दोघांचीही जीभ एकाच साच्यातून निघालेली. मी मध्ये उभी होते, हातात तुझी बॅग, आणि ती खाली ठेवावी की तुला द्यावी हे मला कळेना.

असो. नकाशा उघडून पाहिलास का? पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. आकड्यांबद्दल मात्र पान भरून.

तुझी,
आत्या


ता. १७ फेब्रुवारी

ठिणगे,

आज आशीर्वाद शेवटी देईन. उरले तर.

काल दुपारी तुझा निरोप आला. मोठ्या आनंदाने कळवलंस की माझ्या नकाशाचा शत्रू तुला सापडला. "शूर गेंडा" नावाचा कुणीतरी रोज संध्याकाळी येतो, आधी वरचा अंगठा दाबतो आणि जाताना न चुकता खालचा, आणि यंत्र त्या दिवसाचं शेवटचं मत धरतं, म्हणून आत्या, तुझा नकाशा बुडाला. तू लिहितेस, कुणीतरी मुद्दाम तुझी खोडी काढतंय. मी त्याला कायमचं बंद केलंय, आता निश्चिंत राहा.

निश्चिंत.

शूर गेंडा म्हणजे तुझा बाप.

ते नाव मी दिलेलं नाही. खातं उघडताना मला नाव सुचेना, तर तुमच्या खेळानेच ते चिकटवलं. आम्ही दोघं त्यावर खूप हसलो होतो. त्याचं हसू आता एका बाजूनेच येतं, म्हणून मुद्दाम सांगते.

दादाला मागच्या वर्षी झटका आला. उजवी बाजू गेली. बोलतो, पण शब्द तोंडात घोळवून बाहेर काढावे लागतात, त्यामुळे कमी बोलतो, आणि त्याला तेच सोयीचं झालंय. तुला कळवायचं नाही असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं. म्हणाला, "दया म्हणून येईल ती. तशी नको." मी शब्द दिला. आज मोडला. मला त्याचं फार वाईट वाटत नाही, शब्द देतानाच तो मला घट्ट बसत नव्हता.

आता म्हातारबुवा कोण ते कळलं असेल. मीही काय एकेक सोंगं काढत बसले, शेजारी राहतात म्हणे. खिडकीजवळच्या पलंगावर राहतात.

नकाशा मी त्याच्यासाठी बनवला. पडून पडून तो भिंतीकडे बघायला लागला होता, बोलावलं तरी वळायचा नाही. मी आधी डेपोचं फाटक बनवलं आणि त्याच्यापुढे धरलं. बघून म्हणाला, "फाटक डावीकडे उघडायचं." हा त्याचा कितीतरी दिवसांतला पहिला धड शब्द. मग मी वखार केली, त्यात त्याने चुका काढल्या. दवाखान्याच्या पायऱ्या, पुलाचा कठडा, प्रत्येक गोष्टीत चुका काढल्या. इतका त्रास दिला की मला वाटलं, आता हा बरा होतोय.

आणि ती जागा जिथे बस विनाकारण थांबते. तिथे कुठलाही स्टॉप नव्हता. कागदोपत्री शाळेचा स्टॉप पुढच्या कोपऱ्यावर. पण दादा शाळेच्या फाटकासमोरच बस उभी करायचा, आणि मागून लोक ओरडायला लागले की मान वळवून एकच वाक्य टाकायचा. ते वाक्य मी नकाशात घातलंय. बस थांबली की स्क्रीनवर येतं, "इंजिन तापलंय." मग हॉर्न दाबेपर्यंत बस हलत नाही. लोक ते वाचून वैतागतात आणि हॉर्न बडवतात. दादा लगेच दाबत नाही. फाटकाकडे बघत बसतो. फाटकातून दप्तर घासत येणारी, कुणाची वाट न बघता पुढच्या पायरीवर बसणारी ती पोरगी काही मला बनवता आली नाही. माणसं बनवायला मी शिकलेले नाही, मला भिंतीच येतात.

हे तू पाहिलं असतंस तर गेंडा कोण ते तुला शोधत बसावं लागलं नसतं. दोनदा लिहिलं की उघडून बघ. तू आकडे उघडलेस. माझा राग कशावर आहे सांगू? तुझ्यावर कमी आहे. पण तुमच्या एवढ्या मोठ्या ऑफिसात असा एकही माणूस नसावा की ज्याचं काम फेकण्याआधी एकदा आत जाऊन बघणं हे आहे? यंत्राला वर आणि खाली कळतं. थांबणं कळत नाही.

आणि अंगठ्याचं म्हणशील, तर मीही चक्रावले. तुझा निरोप आल्यावर दादाला विचारलं, अरे, तू माझ्याच नकाशाला रोज नावं ठेवतोस? तो माझ्याकडे बघतच राहिला, जणू मीच बिनडोक. म्हणाला, "ड्यूटीवर चढताना वर. उतरताना खाली. नियमच आहे ना तो." बाई गं, तो बिचारा रोज इमानदारीने हजेरी लावत होता. चढलो, उतरलो. आणि तुम्ही ती नावड म्हणून लिहून घेत होता. ज्या एका माणसाला तो नकाशा आवडतो त्यानेच तो बुडवला, आणि तू नकाशा वाचवायला गेलीस ती त्यालाच बाहेर काढून. हसावं की कपाळ बडवावं कळत नाही. मी दोन्ही केलं.

बंद केलं म्हणजे काय ते मला तेव्हा उमगलं नव्हतं, म्हणून काल संध्याकाळी मी नेहमीसारखी स्क्रीन त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने वरचा अंगठा दाबला. वर आलं, "आपणास या नकाशात प्रवेश नाही." त्याने ते हळूहळू वाचलं. मग स्क्रीन माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "रूट बंद झाला वाटतं." राग नाही, काही नाही. आयुष्यात कितीतरी रूट बंद होताना पाहिलेला माणूस जसं म्हणेल तसं. आणि भिंतीकडे वळला. वळवायला मी लागले नाही, एवढं त्याचं त्याला जमलं.

आज हाक मारली तरी वळत नाही.

तेव्हा आता मला फडताळ नको, साहेबांच्या कानावर घालणं नको, मोठ्या गप्पा नकोत. ते मी सगळ्यांच्या वतीने बोलत होते, ते बरोबर आहे आणि ते तू कर, पण नंतर. आधी त्या गेंड्याला आत सोड.

फोन करू नकोस. फोनवर त्याचे शब्द घोळतात आणि तो लाजतो. आणि माफी वगैरे लिहून पाठवू नकोस, ती वाचायला त्याला वेळ लागेल आणि मध्येच थांबला तर मला पुढचं मोठ्याने वाचावं लागेल, ते माझ्याच्याने होणार नाही. काय करायचं ते तुझं तू बघ. तुला रस्ता माहीत आहे, तुझ्याच शब्दांत, गोल गोल एकच.

आशीर्वाद उरलेत. घे.

आत्या


ता. २१ फेब्रुवारी

माझ्या ठिणगीस,

आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा, तो मी हात दुखेपर्यंत उशीवर मारून ठेवलाय, तुला पोचला असेल.

तुझा दोन ओळींचा निरोप वाचला. गेंडा मोकळा झाला, आणि नकाशे काढायची तारीख पुढे ढकलली. फेकण्याआधी माणसाने आत जाऊन बघावं आणि मागचं फडताळ ठेवावं हे तू सभेत मांडलंस, साहेब विचार करतो म्हणाले. साहेब लोक विचार करतो म्हणतात तेव्हा मी शिवणयंत्राला तेल घालून ठेवते, कारण काम शेवटी आपल्यालाच करायचं असतं. तू पाठ सोडू नकोस.

आता कालचं सांगते.

स्क्रीन दाखवली तर तो बघेना. मी म्हटलं, रूट सुरू झाला, ड्यूटी लागलीय तुझी. तेव्हा वळला. अंगठा वर दाबला, बस डेपोतून काढली. वखार गेली, दवाखाना गेला. वळणावर नेहमीसारखी कडेला घातली आणि माझ्याकडे बघितलं, जणू रस्ता मी वाकडा बांधला. पूल गेला.

शाळेपाशी बस थांबली. इंजिन तापलं.

फाटकापाशी कुणीतरी उभं होतं.

मला आधी वाटलं, माझंच काही चुकलं, कुठला खांब हलला. चष्मा पुसला. बाहुली होती. तुमच्या खेळातली असते तशी, चौकोनी डोक्याची, हात फळीसारखे. डोक्यावर नाव होतं ते मी वाचलं नाही, त्याने वाचलं. ठिणगी. त्याला वाचायला वेळ लागला नाही.

बाहुलीही हलेना, तोही हलेना, मला वाटलं आता या दोघांचा हट्ट तिथेच उभा राहणार आणि माझा जीव जाणार. मग त्याने मान जराशी मागे वळवली. खोलीत मागे कपाट आहे, दुसरं कुणी नाही. त्या कपाटाला तो म्हणाला, "इंजिन तापलंय."

स्पष्ट म्हणाला. एकही शब्द घोळला नाही.

तेव्हा तू चढलीस. मी पाहिलं, पुढच्याच पायरीवर बसलीस. माझ्या नकाशात त्या पायरीवर बसता येतं हे मलाच माहीत नव्हतं.

मग हॉर्न वाजला आणि तुम्ही दोघं टाकीपर्यंत गेलात. टाकीपाशी त्याने बस वळवली आणि परत निघाला. मग डेपोपाशी पुन्हा वळवली. संध्याकाळच्या औषधाची वेळ झाली म्हणून मी हळूच म्हटलं, दादा, उतरायचं का? तर म्हणाला, "कुणाला उतरायचंय?"

खालचा अंगठा त्याने दाबलाच नाही. वरचा दाबलेला तसाच राहिला. मी स्क्रीन तशीच सुरू ठेवून त्याला औषध पाजलं. म्हणजे तुमच्या यंत्रात काल माझ्या नकाशाला एक चांगलं मत पडलं असणार. ते बघ. त्या सभेत दाखवायचं असेल तर दाखव, नाहीतर तुझ्यापाशी ठेव.

तू कधी येणार हे मी विचारत नाही. तो तुझी वाट बघतोय असंही लिहीत नाही, त्याला कळलं तर तो भिंतीकडे वळेल. पलंग मी खिडकीतून रस्ता दिसेल असा सरकवलाय, तो उजेडासाठी. तुझी खोली झाडली, ती धूळ फार झाली होती म्हणून. आणि दार आम्ही हल्ली दिवसभर उघडंच ठेवतो, त्याला कारण काही नाही.

इंजिन तापलंय, एवढंच.

तुझी,
आत्या